हात बसण्याची वर्षे

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. शिष्याने छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर करावा आणि शिरा टोचण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे त्यात सांगितले आहे. शास्त्र कितीही पाठ असले, तरी सराव नसलेला शिष्य शस्त्रकर्माला पात्र नाही, हा त्याचा मथितार्थ. आपण बोलताना यालाच 'हात बसणे' म्हणतो. महामारीत हा हात बसण्याचा काळच हिरावला जातो. त्याचीच ही हकिकत.

कोहळ्यानंतर माणसाकडे वळावे लागते. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तेथे विल्यम हॉल्स्टेड यांनी तरुण सर्जनांना रुग्णालयातच ठेवून, पायरीपायरीने जबाबदारी वाढवत शिकवण्याची पद्धत बसवली. १९०४ मध्ये येल विद्यापीठातील भाषणात त्यांनी ती मांडली. 'निवासी डॉक्टर' हा शब्द तेथूनच रूढ झाला. आपली तीन वर्षांची एम.एस. पदवी याच घडणीची आहे. आधी ड्रेसिंग, टाके आणि रिट्रॅक्टर धरून तासन्‌तास उभे राहणे, मग वरिष्ठांच्या नजरेखाली हर्निया, अपेंडिक्स आणि शेवटी मोठ्या शस्त्रक्रिया. एक पायरी निसटली, तर पुढची डळमळते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात फिलाडेल्फियातील वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वर्ग बंद पडले. आयझॅक स्टार तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होते. या रोगावरचे एक व्याख्यान ऐकवून त्यांना व सोबत्यांना तात्पुरत्या रुग्णालयात परिचारकाच्या कामाला लावले गेले. तो कहर काही आठवड्यांत ओसरला आणि वर्ग पुन्हा भरले. १९७६ मध्ये स्टार यांनी या आठवणी प्रसिद्ध केल्या.

२०२० चे संकट मात्र लांबले. मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास सांगितले. लाटेच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज त्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने वर्तवला. ज्या शस्त्रक्रिया टळल्या, त्यांतच हर्निया आणि पित्ताशयाचे खडे होते. शिकाऊ हात त्यांवरच बसतो. ज्या झाल्या, त्यांत संसर्ग टाळण्यासाठी थिएटरमध्ये मोजकी माणसे असत, आणि चाकू अनुभवी सर्जनच्या हाती. निवासी डॉक्टर पीपीई किट चढवून कोविड वॉर्डात ऑक्सिजनची पातळी पाहत होते.

त्यात प्रवेशही रखडले. मे २०२१ मध्ये पदव्युत्तर नीट परीक्षा पुन्हा पुढे गेली. ती ११ सप्टेंबरला झाली. आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे प्रवेशफेरी थांबली, आणि डिसेंबरात दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. ७ जानेवारी २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वाट मोकळी झाली. तोवर तीन तुकड्यांचा भार दोन तुकड्यांनी वाहिला. शेवटच्या वर्षाच्या डॉक्टरांना नवी तुकडी येईपर्यंत थांबवले गेले, पण ते मनुष्यबळासाठी. थिएटरमधले हुकलेले दिवस त्याने भरून निघाले नाहीत.

सारेच वाया गेले, असे मी म्हणणार नाही. ऑनलाइन व्याख्याने वाढली, सिम्युलेटरवर टाके घालण्याचा सराव झाला. एका अर्थी आपण सुश्रुताच्या कोहळ्याकडे परतलो. अत्यवस्थ रुग्ण सांभाळणे ही मुले लवकर शिकली. पण कोहळ्याला रक्तस्राव होत नाही, आणि अचानक रक्त दिसल्यावर हात स्थिर ठेवणे हेच तर शिकायचे असते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर, चाकू कधी हाती धरला नाही. तरीही पोट कडक झालेला रुग्ण समोर आला की त्याला सर्जनकडेच धाडतो, आणि ते पाठवणे त्या हातांवरच्या विश्वासावर उभे असते. पुढच्या महामारीसाठी खाटा आणि ऑक्सिजनचा हिशेब करताना दोन गोष्टी धरल्या पाहिजेत. थोडी थिएटर साथीपासून वेगळी ठेवून चालू राहावीत, आणि शिक्षण पुरे झाले की नाही हे नुसत्या वर्षांवर न ठरता प्रत्यक्ष केलेल्या शस्त्रक्रियांवर ठरावे. आणि वाचकहो, उद्या आपल्या शस्त्रक्रियेच्या वेळी वरिष्ठांशेजारी एखादा तरुण डॉक्टर उभा दिसला, तर त्याला बाहेर काढा म्हणू नका. आपल्या नातवंडांचा सर्जन तोच असणार आहे.