तारघर, डायलआऊट आणि कुळागरातली माती

इतिहासाच्या मास्तराने संगणकाच्या भानगडीत पडू नये, असे आमचे एक जुने सहकारी म्हणत. मीही हा सल्ला बरीच वर्षे पाळला. पण गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत सर्वणच्या घरी नववीतल्या पुतणीने पत्त्याच्या पानाएवढी एक निळी पट्टी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "काका, हें मात्शें चालू करून दी."

ती पट्टी म्हणजे आर्डुइनो. तिच्यावरच्या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. अख्खा संगणकच तो, पण आज्ञावलीसाठी जागा ३२ किलोबाइट आणि कामापुरती स्मरणशक्ती २ किलोबाइट. मातीत दोन दांडे खुपसून ओल मोजायची आणि माती सुकली की कुळागरातला पंप आपोआप चालू करायचा, असा तिचा विज्ञान प्रदर्शनासाठीचा बेत होता. पावसाळ्यात कोरडी माती कुठली मिळायला? तिने ती चुलीजवळ वाळवून डब्यात भरून ठेवली होती.

या पट्टीच्या नावापासूनच माझा विषय सुरू होतो. २००५ साली उत्तर इटलीतल्या इव्हरिया गावात मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. गावातल्या ज्या मद्यगृहात ही मंडळी जमत, त्याला आर्डुइन राजाचे नाव होते. हा राजा १००२ साली इटलीच्या गादीवर बसला आणि दोनच वर्षांत जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने त्याला मागे सारले. त्याच शतकात आपल्याकडे कदंबांनी गोव्यावर अंमल बसवला. पट्टीचा मूळ विचार मात्र एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याच्या २००३ च्या 'वायरिंग' प्रकल्पातला. त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. इतिहासात असे होतच असते, पण म्हणून ते बरे ठरत नाही.

आमच्या घरी दोन संगणक आहेत, आणि दोन्हींवर लिनक्स. कारण साधे आहे, त्याला पैसे पडत नाहीत. या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या खटपटीने गोव्यातल्या शाळांना वापरलेले संगणक मिळाले, तेव्हाही त्यांवर लिनक्स घालण्यामागे हाच हिशेब होता.

जुन्या संगणकावर कार्यक्रम उतरला, उघडलाही. पण आज्ञा पट्टीकडे पाठवताच उत्तर आले, 'परवानगी नाही'. घर माझे, यंत्र माझे आणि परवानगी कोणाची? शोध घेता कळले की ज्या दारातून पट्टीशी बोलायचे, त्याचे नाव 'टीटीवाय यूएसबी शून्य'. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, तारघरातला छापयंत्री टंकलेखक! १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा माणूस संगणकाशी बोलायचा तो अशाच यंत्रावरून. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिताना तीच रीत उचलली. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण सर्वणच्या माडीवर तारघराचे नाव अजून नांदते आहे.

आणि त्या दारावरचा पहारेकरी कोण, तर 'डायलआऊट' नावाचा गट. मोडेमवरून दूरध्वनी लावून बाहेर बोलायचे, त्या काळातला हा बंदोबस्त. सामाईक यंत्रावरून कोणीही उठून दूरध्वनी लावला तर बिल कोण भरणार? म्हणून ठरावीक नावांनाच मुभा. पुतणीचे नाव त्या गटात घातले, तिला बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगितले आणि पट्टीवरचा दिवा लुकलुकू लागला.

दुसऱ्या दिवशी तीच पट्टी नव्या संगणकाला जोडली. तिथे नाव गटात आधीच घातले होते. तरी ती ओरडली, "काका, पोर्ट दिसना!" पाहतो तो दार उघडत होते आणि क्षणात नाहीसे होत होते. यंत्राची रोजनिशी वाचली, तेव्हा चोर सापडला. बीआरएलटीटीवाय हा कार्यक्रम दार बळकावत होता. यातले 'बीआरएल' म्हणजे ब्रेल. १८२९ साली लुई ब्रेल यांनी प्रसिद्ध केलेली सहा ठिपक्यांची लिपी बोटांखाली उमटवणाऱ्या यंत्रांसाठी हा कार्यक्रम १९९५ पासून चालत आला आहे. आमच्या स्वस्त पट्टीत संगणकाशी जोडणी करणारी जी चिप होती, तीच काही ब्रेल यंत्रांतही असते. ओळखक्रमांक एकच, म्हणून हा घोटाळा.

ठिकठिकाणी सल्ला एकच होता. तो कार्यक्रम उपटून टाका. पुतणीचा हात कळफलकावर गेलाही होता. मी तिला थांबवले.

ताळगावच्या पठारावर एम.ए. करताना आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मित्र होता. आम्ही टिपणे वाचून दाखवायचो आणि तो जाड कागदावर टोच्याने ठिपके पाडत जायचा. आमची घाई असली की त्याची पाने राहून जात. मागून घ्यायला तो संकोचत असे आणि आम्हांला ते कळतही नसे. हा कार्यक्रम न विचारता दार धरतो, त्याचे कारण मला तेव्हा उमगले. दिसणाऱ्या कोणाला बोलावून 'जरा हे चालू कर' असे म्हणावे लागू नये, म्हणून यंत्र सुरू होताच तो जागा होतो.

नियमांच्या फायलीत आमच्या चिपच्या क्रमांकाची एकच ओळ होती. तेवढीच निष्प्रभ केली, बाकी सारे जागच्या जागी ठेवले. माझ्या अडाणी हातांना यासाठी दुपार लागली. उपटून टाकायला एक मिनिट पुरले असते, हे पुतणीने दोनदा ऐकवले.

संध्याकाळी चुलीजवळच्या मातीत दांडे खुपसले. पडद्यावर ९०० च्या वरचे आकडे आले. तांब्याभर पाणी ओतले, तसे ते घसरत ४०० च्या खाली गेले. वहिनी दारात उभी होती. आकड्यांपेक्षा तिला डब्यातून जमिनीवर ओघळलेल्या चिखलाची जास्त काळजी होती.