दास्यविमोचन, निजामशाहीतील

दास्यविमोचन, निजामशाहीतील : गुलामास स्वेच्छेने वा कराराने मुक्त करण्याची इस्लामी धर्मशास्त्रातील पद्धती आणि अहमदनगरच्या निजामशाहीत (१४९०–१६३६) आढळणारे तिचे स्वरूप. अहमदनगर जिल्ह्याचे (आता अहिल्यानगर) नाव या राजवटीशी निगडित आहे.

कुराणाने गुलामास मुक्त करणे हे पुण्यकृत्य मानले असून अनवधानाने घडलेली मनुष्यहत्या, शपथभंग इ. दोषांचे ते प्रायश्चित्तही ठरविले आहे. जकातीचा काही अंश या कार्यासाठी खर्च करता येतो. ठरलेली रक्कम फेडून मुक्त होण्याचा करारही शास्त्रसंमत होता. तथापि गुलामगिरीची संस्था मुळातून रद्द झाली नाही. स्वतंत्र मुसलमानास गुलाम करण्यास मनाई होती. परंतु दास्यात असताना इस्लाम स्वीकारणारा आपोआप मुक्त होत नसे.

या व्यवस्थेचे सामर्थ्य व मर्यादा मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) याच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. इथिओपियात जन्मलेला अंबर लहानपणी विकला गेला. दास्यातच त्याला इस्लामची दीक्षा व शिक्षण मिळाले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मोगलांनी १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला जिंकल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसविले, आपली कन्या त्याला दिली आणि राज्याची सूत्रे हाती घेतली. अहमदनगरजवळील भातवडी येथे १६२४ मध्ये त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. मुक्त झालेल्या गुलामास राज्यातील श्रेष्ठ पदापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला होता, हे यावरून दिसते. वर्णद्वेष मात्र संपला नव्हता. जहांगीराने आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख त्याच्या वर्णावरून हेटाळणीने केला आहे.

अंबरची मुक्ती त्याच्या हक्कातून नव्हे, तर मालकिणीच्या इच्छेतून आली. पेशवा झाल्यावर त्यानेही गुलामगिरी मोडली नाही; त्याच्या स्वतःच्या सैन्यात हबशी गुलाम होते. मुक्ती व्यक्तीला मिळे, संस्था टिकून राही.

मानवी हक्कांची आधुनिक कल्पना येथेच वेगळी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील चौथ्या अनुच्छेदाने गुलामगिरी सर्व प्रकारांत निषिद्ध ठरविली. भारतात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली होती. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने मानवी व्यापार व वेठबिगारीस बंदी घातली. सौदी अरेबियाने १९६२ मध्ये, तर मॉरिटानियाने १९८१ मध्ये गुलामगिरी रद्द केली. इस्लामी राष्ट्रांच्या १९९० च्या कैरो जाहीरनाम्याने मनुष्य जन्मतः स्वतंत्र असून त्याला गुलाम करण्याचा अधिकार कोणासही नाही, असे घोषित केले. अशा रीतीने मालकाच्या पुण्यकृत्यावर अवलंबून असलेली मुक्ती प्रत्येक मनुष्याचा हक्क म्हणून मान्य झाली.