ओळ कोणी तोडायची?

मोडीतला कागद वाचायला बसलेल्या माणसाला शब्द आयते मिळत नसत. लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग शक्यतो टाक न उचलता तिला अक्षरे लटकवत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे, वाक्य संपल्याची खूण नसे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसे. तारखेआधी नुसता ‘छ’, पुढे मुसलमानी महिना, सुहूर सन अरबी संख्यावाचकांत आणि अधूनमधून संक्षेप. असा मजकूर वाचायचा तर पत्र कोणी कोणाला लिहिले, दोघांत थोरला कोण, प्रकरण वसुलीचे की वतनाच्या तंट्याचे, हे आधी ताडावे लागे. मगच ओळ कुठे तोडायची ते कळे. अर्थ लागल्याशिवाय उच्चारही धड होत नसे, त्यामुळे वाचणे आणि समजणे ही दोन वेगळी कामे नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात हे काम वाचणाऱ्याच्या डोक्यातून निघून छापील पानावर गेले. ते गेले हे चांगलेच झाले. पण रिकाम्या झालेल्या जागी शाळेने वाचणाऱ्याला दुसरे काम दिले नाही, आणि तेव्हापासून अडखळल्याशिवाय वाचणे हाच समजल्याचा पुरावा मानला जाऊ लागला. मुलांना वाचलेले समजत नाही, या आजच्या तक्रारीचे मूळ बरेचसे इथे आहे.

ओळ तोडणे हे अर्थ लावण्याचेच काम असते, याची साक्ष इतिहासाची साधने छापणाऱ्यांच्या कामात मिळते. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पुढे 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड निघाले. मोडी कागद बालबोधीत छापायचा म्हणजे प्रत्येक ठिकाणी शब्द कुठे संपला, वाक्य कुठे थांबले, याचा निर्णय संपादकाने घ्यायचा. आपण ते खंड भरभर वाचतो, कारण आपल्या वाटणीचे निम्मे वाचन कोणीतरी आधीच करून ठेवले आहे. पोथीचेही तसेच. ओवीला क्रमांक असे, दंड असे, पण आतली अक्षरे सलग. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठभेदांतून निवड करताना अर्थाचा विचार टाळता येणेच शक्य नव्हते. संस्कृत परंपरेने तर व्याख्यानाची पाच लक्षणेच सांगितली: पदे तोडणे, त्यांचा अर्थ सांगणे, समास सोडवणे, वाक्य जुळवणे आणि आक्षेपांचे समाधान करणे. यातले शेवटचे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आक्षेप सुचला नाही आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर मजकूर समजला असे ही परंपरा म्हणत नाही. मराठीत ही शिस्त देशी रूपाने आली. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरांचे सूत्र येते, मग दृष्टांत येतो आणि त्यानंतर त्या गोष्टीचा सूत्राशी संबंध जोडणारे केसोबासांचे दार्ष्टांतिक. गोष्ट सांगून थांबायचे नाही, ती कशाला लागू पडते तेही सांगायचे. ‘दासबोधा’त श्रोता वारंवार आशंका घेतो आणि वक्त्याला पुन्हा मागे जाऊन उलगडा करावा लागतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे जुन्या काळाचे कौतुक झाले. पंतोजीच्या शाळेत आकलन कुठले? धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पावकी-निमकी-सवायकी घोकायची, हात वळला की मोडी कागद. मुली बाहेर, बहुतेक जाती बाहेर. पुराणिक अर्थ सांगे तो ऐकायचा. तो ताडून पाहायला पोथी आपल्या हाती येण्याची सोय नव्हती. हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक 1855 मध्ये लिहिले ते नेमके याच व्यवहारावर: वाचता न येणाऱ्या कुणब्याला जोशी कसा नाडतो. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. मोडी वाचणारा कारकून काही फार समजून वाचत नव्हता. ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’पासून ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत पत्राचा साचा ठरलेला, म्हणून त्याला अंदाज बांधता येई. हेही खरे, पण याने माझा मुद्दा पक्काच होतो. साचा ठाऊक असणे, विषय ठाऊक असणे, माणसांची नाती ठाऊक असणे, आकलन याच भांडवलावर चालते. ते कारकुनाजवळ होते म्हणून अक्षर दगा देत असतानाही त्याचे निभावत असे. या पद्धतीची मर्यादाही मराठी माणसाला चांगली ठाऊक आहे. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा इतिहास म्हणून संशयास्पदच आहे, पण ती पटण्यासारखी वाटते याचे कारण असे की बदललेला हुकूमही सुसंगत वाटतो. दोन्ही पाठ अर्थाला धरून असले की नुसता संदर्भ वाचणाऱ्याला वाचवू शकत नाही.

तेव्हा पान सुटसुटीत करण्याची खटपट योग्यच होती. मुंबईत 1822 मध्ये शाळा आणि शाळापुस्तकांसाठी स्वतंत्र मंडळी उभी राहिली. तिच्यासाठी काम करणाऱ्या सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ ही भाषांतरे त्याच दशकात छापून निघाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये आले. मेजर कँडी यांनी 1850 मध्ये विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले. स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह मराठीत रुळले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. (कँडींच्या मराठीवर चिपळूणकरांनी पुढे ‘निबंधमाले’तून आसूड ओढले, पण ते लिहितानाही विरामचिन्हे वापरल्याशिवाय त्यांचे चालले नाही.) आता कारकुनी घराण्यात न जन्मलेले मूलही सरळ छापील ओळ वाचू शकत होते. त्याने काय साधू शकते हे मुक्ता साळवेने 1855 मध्येच दाखवले. फुले दांपत्याच्या शाळेत जेमतेम काही वर्षे शिकलेल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद फक्त आमचे, असे ब्राह्मण म्हणतात ना, मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे उघड झाले, असा तिचा युक्तिवाद आहे. समोरच्याचे विधान जसेच्या तसे घ्यायचे आणि त्याला टाळता न येणारा निष्कर्ष काढून दाखवायचा. आकलन म्हणतात ते हेच.

परंतु शाळाखात्याने या वळणाने जायचे ठरवले नाही. खाते 1855 मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच दशकात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. परीक्षक एका दिवसात शाळाभर मुले तपासणार. तेवढ्या वेळात कानाने मोजता येते ते म्हणजे मूल न अडता वाचते की नाही, आणि कठीण शब्दांचे अर्थ पाठ आहेत की नाहीत. शिक्षकाने तेवढेच शिकवले यात नवल नाही. पैसा ज्या खुणेवर मिळतो ती खूण वाढते. पुढे वाचनमाला पुष्कळ सुधारल्या, विशेषतः अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने धड्यांत जीव आणला. मात्र धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर धड्यातलेच एखादे वाक्य उचलून द्यायचे, ही सवय काही सुटली नाही.

कोणी म्हणेल, अडखळणाऱ्या मुलाला अर्थ कसा लागणार, आधी ओघ तर येऊ द्या. अर्थात. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर मुलाला सहज वाचता येतो का हे तपासतात, ते म्हणूनच. ती चाचणी पहिल्या पायरीची आहे आणि त्या पायरीवरच किती मुले अडली आहेत हे दाखवून तिने मोठे काम केले. अडचण येते ती त्या पायरीलाच जिना समजल्याने. ओघ आला म्हणजे ओळीतले संशय सुटले असे होत नाही. उलट पान जितके गुळगुळीत, तितके संशय येण्याचे प्रसंग कमी. ते प्रसंग मग मुद्दाम घडवून आणावे लागतात. विरामचिन्हे काढून टाकलेला उतारा वर्गाला द्यावा, दोन गटांनी तो दोन तऱ्हांनी तोडावा आणि आपलीच तोड बरोबर का, हे मजकुरातून दाखवावे. याला महागडे साहित्य लागत नाही. लागतो तो वेळ, आणि एका उताऱ्यावर तासभर घालवला तर अभ्यासक्रम मागे पडतो ही शिक्षकाची भीती खोटी नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावर ‘आकलन कृती’ असतात: चौकटी भरा, आकृतिबंध पूर्ण करा. त्यांतल्या पुष्कळशा उताऱ्यातला शब्द हुडकला की सुटतात. विरामचिन्हांची कृतीही त्याच पत्रिकेत असते, पण ती आकलनात नसून भाषाभ्यासाच्या विभागात, उताऱ्यापासून तोडलेल्या एखाद्या सुट्या वाक्यावर बेतलेली.