ज्यू विद्यार्थी-नेतृत्व, महाराष्ट्रातील

महाविद्यालयात शिकणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांना प्रार्थना, सणवार, भाषाभ्यास व परस्परसाहाय्य यांसाठी एकत्र आणणे, तसेच त्यांच्या वतीने महाविद्यालयाशी आणि समाजातील वडीलधाऱ्या मंडळींशी बोलणी करणे, हे ज्यू विद्यार्थी-नेतृत्वाचे कार्य होय. अशा नेतृत्वाची सर्वपरिचित रचना अमेरिकेतील ‘हिलेल’ या संस्थेची असून रबाय (धर्मगुरू) बेंजामिन फ्रँकेल यांनी ती १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू केली आणि पुढच्याच वर्षी बनाय ब्रिथ या ज्यू सेवासंघटनेने तिला आश्रय दिला. जगभरच्या ज्यू विद्यार्थी-संघटनांचा महासंघ १९२४ मध्ये स्थापन झाला व त्याचे पहिले अध्यक्षपद आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे होते. महाराष्ट्रात महाविद्यालयाच्या आवारात ‘हिलेल’च्या धर्तीची रचना रुजली नाही, विद्यार्थ्यांचे पुढारपण येथे शाळा, सिनेगॉग, स्त्रियांचे मंडळ आणि नियतकालिक या चार ठिकाणी घडले. त्यांत पदवीधर स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा असल्याने प्रस्तुत नोंदीत त्यांना अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील बहुसंख्य ज्यू हे बेने इस्राएल होत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या कुटुंबांपासून आपला वंश सुरू झाला, अशी त्यांची परंपरा सांगते. या आगमनाच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड) गावांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जात. किहीम, दिवे, चेऊल, नवगाव अशा गावांवरून पडलेली किहीमकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर ही आडनावे आणि घरात बोलली जाणारी मराठी यांमुळे महाविद्यालयात हा विद्यार्थी इतर मराठी विद्यार्थ्यांहून वेगळा ओळखू येत नाही. त्यामुळे ज्यू विद्यार्थ्यांना शोधून काढणे हे येथील संघटकाचे पहिले काम ठरते आणि ते बहुधा सिनेगॉगची सभासद-यादी व नातेवाईक यांच्यामार्फतच पार पडते.

कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग सामुएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात बांधले. सिनेगॉगचा कारभार मुकादम (प्रमुख), चौगुले (पंच), गब्बाय (खजिनदार), हज्जान (प्रार्थना चालविणारा) आणि शमाश (सेवक) यांच्याकडे असे. यांतील पहिली दोन नावे गावगाड्यातून आलेली आहेत आणि वयाला व घराण्याला मान देण्याची रीतही तिथलीच आहे. तरुणांना सभागृह, धर्मग्रंथांच्या प्रती किंवा सणाचा खर्च हवा असेल, तर या मंडळींची संमती घ्यावी लागे. आजही विश्वस्तांची संमती घ्यावी लागते.

शिक्षणाचा पाया : स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने जाऊ लागली. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता आणि त्यात त्यांना यश फारसे आले नाही. मात्र या शाळांमुळे हिब्रू जाणणारी व इंग्रजी लिहिणारी पहिली पिढी तयार झाली. याच पिढीतील हाईम सामुएल किहीमकर यांनी १८५३ मध्ये समाजाच्या साहाय्यक संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि १८७५ मध्ये मुंबईत इस्राएलाइट स्कूल सुरू केले. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने या शाळेला मदत केली. पुढे सर एली कदुरी यांचे नाव लाभलेल्या माझगावच्या या शाळेत हिब्रू, इंग्रजी व मराठी या तिन्ही भाषा शिकविल्या जात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले व हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. महाविद्यालयात अभिजात भाषा म्हणून हिब्रू घेता येणे ही त्या काळच्या ज्यू विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती, कारण त्यामुळे प्रार्थनेची भाषा पदवीच्या अभ्यासाचा भाग झाली.

१८८० च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्राएल तरुणांनी हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधील अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांची मराठी कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या या साऱ्यांसह ती होत. समाजातील तरुणांनी स्वतःहून उभा केलेला हा पहिला सांस्कृतिक उपक्रम मानण्यास हरकत नाही.

रिबेका रूबेन आणि जेरुशा झिराड : पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकलेल्या या दोन विद्यार्थिनींनी समाजातील नेतृत्वाची कल्पनाच बदलली. रिबेका रूबेन (१८८९–१९५७) या १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत सर्व मुलामुलींत पहिल्या आल्या. मुलींनी त्या परीक्षेला बसणे हेच ज्या काळात अपवादात्मक होते, त्या काळातील हे यश बेने इस्राएल समाजात दीर्घकाळ सांगितले गेले आणि आपल्या मुलीला शिकवावे की नाही या घरगुती वादात आधार म्हणून ते पुढे केले गेले. इंग्लंडमध्ये अध्यापनाचे व ज्यू इतिहासाचे शिक्षण घेऊन परतल्यावर १९१७ ते १९२० या काळात त्यांनी बेने इस्राएल समाजाच्या वार्षिकाचे संपादन केले. १९२२ पासून १९५० पर्यंत, म्हणजे सलग अठ्ठावीस वर्षे, त्या माझगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पुढे महाविद्यालयांत गेलेल्या मुंबईतील कितीतरी बेने इस्राएल विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण त्यांच्या देखरेखीखाली झाले. वार्षिकात लेख लिहिणे, शाळेच्या समारंभाची जबाबदारी घेणे, लहानांना हिब्रू शिकविणे ही समाजकार्याची पहिली उमेदवारी याच शाळेत होत असे.

जेरुशा झिराड (जन्म १८९०) यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १९१२ मध्ये वैद्यकीय पदविका घेतली. बेने इस्राएल स्त्रियांचे ‘स्त्री मंडळ’ १९१३ मध्ये स्थापन झाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणीने आई-मावश्यांच्या वयाच्या स्त्रियांना एकत्र आणावे, याला त्या वेळी मोठे धैर्य लागले असणार. शिवणकाम, वाचन, आरोग्यविषयक माहिती आणि गरजू मुलींच्या शिक्षणाला साहाय्य अशा साध्या कामांतून मंडळ वाढले. लंडन विद्यापीठाची एम.डी. (१९१९) मिळविताना झिराड यांचा परिचय क्लॉड माँटेफिओर यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी झाला. स्त्रीपुरुषांनी एकत्र बसून प्रार्थना करावी आणि प्रार्थनेचा काही भाग समजणाऱ्या भाषेत असावा, हा त्या चळवळीचा आग्रह होता. तो घेऊन त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ची स्थापना केली. परंपरानिष्ठ सिनेगॉगांनी ही वाट स्वीकारली नाही. तरीही महाविद्यालयात शिकलेल्या आणि हिब्रू प्रार्थनेचा अर्थ विचारणाऱ्या तरुणांना या संस्थेमुळे बसायला जागा मिळाली, ही तिची खरी कामगिरी होय. १९२८ ते १९४७ या काळात झिराड कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोघींच्या कार्याकडे समाजाच्या इतिहासकारांनी बहुतेक ‘स्त्रीशिक्षण’ या शीर्षकाखाली पाहिले आहे. वस्तुतः वार्षिक, मंडळ, शाळा आणि प्रार्थनासभा ही चारही साधने त्यांनी अशा रीतीने वापरली की, पदाधिकाऱ्यांच्या घराण्यात जन्म न घेता केवळ शिक्षणाच्या बळावर पुढारी होता येते, हे पुढच्या पिढीला समोर दिसले.

राजकारण व मतभेद : १९१७ मध्ये बेने इस्राएल परिषद आणि १९१८ मध्ये अखिल भारतीय इस्राएल लीग अशा दोन संस्था निघाल्या. राष्ट्रीय चळवळीकडे पाहण्याचा दृष्टिकोन, स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी आणि पुढे झायोनवाद (पॅलेस्टाइनमध्ये ज्यू राष्ट्र स्थापण्याची चळवळ) यांविषयी समाजात मतभेद होते व ते सुशिक्षित तरुणांतही उतरले. बगदादी ज्यू (इराक व भोवतालच्या प्रदेशांतून आलेले) आणि बेने इस्राएल यांच्यातील ताणाचे स्वरूप व कारणे यांविषयी दोन्ही बाजूंची कथने वेगळी आहेत. अनेक बुद्धिमान विद्यार्थ्यांनी समाजाबाहेरच्या व्यापक संघटनांचा मार्ग पत्करला. वडील मोझेस इझिकिएल जेथे वनस्पतिशास्त्र शिकवीत, त्या विल्सन महाविद्यालयात शिकलेले कवी निस्सीम इझिकिएल (१९२४–२००४) तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात होते.

युवक चळवळी : ‘हबोनीम’ या झायोनवादी युवक संघटनेची शाखा मुंबईत होती. शिबिरे, हिब्रू गाणी व सामूहिक जीवनाचे शिक्षण हे तिचे कार्यक्रम. १९४८ नंतर बेने इस्राएलांचे मोठ्या प्रमाणावर इस्राएलला स्थलांतर झाले आणि संघटनेत तयार झालेले तरुण प्रथम गेले. त्यामुळे मुंबईतील मंडळांना वारंवार नव्याने सुरुवात करावी लागली.

कामाचे प्रत्यक्ष स्वरूप : सार्वजनिक प्रार्थनेसाठी परंपरेने तेरा वर्षांवरील दहा पुरुषांची उपस्थिती (मिन्यान) लागते. शंभर विद्यार्थ्यांच्या मंडळात हा प्रश्नच उद्भवत नाही. पंधरा-वीस जणांच्या मंडळात मात्र शुक्रवारी दुपारी दूरध्वनीवरून माणसे मोजणे हेच सचिवाचे मुख्य काम होऊन बसते. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपतो आणि त्या काळात लिहिणे, प्रवास करणे व पैसे हाताळणे वर्ज्य मानले जाते. शनिवारी परीक्षा आली, की प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःपुरता निर्णय घ्यावा लागतो. बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे व्यवहारात परीक्षा देण्याला मुभा देतात. ज्याला ती द्यायची नसते, त्याच्यासाठी प्राचार्यांना वेळेआधी विनंतीपत्र देणे ही नेतृत्वाची जबाबदारी असते. रोश हशाना (नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपवास) हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि महाविद्यालयीन परीक्षांच्या हंगामाशी त्यांची गाठ पडते. त्यामुळे जूनमध्ये वर्ग सुरू होतानाच हिब्रू दिनदर्शिका समोर ठेवून तारखा काढणारा सचिव चांगला समजावा.

बेने इस्राएल विद्यार्थ्यांना एकत्र आणणारा विधी म्हणजे मलिदा. एलियाहू हनावी (संदेष्टा एलिया) याच्या स्मरणार्थ, नवस फेडताना किंवा परीक्षा, नोकरी, प्रवास यांच्या आरंभी तो केला जातो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहूच्या रथाच्या खुणा दगडावर उमटल्या आहेत, अशी समाजाची श्रद्धा आहे. मलिद्यासाठी पोहे धुऊन निथळत ठेवतात. ते मऊ झाले की त्यांत खोवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलदोड्याची पूड आणि बदाम-पिस्ते मिसळतात व ताटात ढीग करून भोवती फळे मांडतात. फळांचे आशीर्वचन सरसकट म्हणत नाहीत : खजुरासाठी झाडाच्या फळाचे आणि केळ्यासाठी जमिनीच्या फळाचे आशीर्वचन वेगळे असते, कारण ज्यू धर्मशास्त्र केळीला वृक्ष मानत नाही. द्राक्षमद्याच्या जागी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत वापरतात. मनुका आदल्या दिवशी भिजत घालाव्या लागतात आणि ते ज्याच्याकडे सोपविले आहे तो विसरला, तर किद्दूश (पेल्यावरचे पवित्रीकरण) अडते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला स्वयंपाकघराशिवाय करता येणारा हा जवळजवळ एकमेव सामुदायिक विधी आहे आणि तो मराठी घरातल्या जिन्नसांवर उभा आहे, म्हणून नव्या संघटकाने आरंभ येथूनच करावा.

कायदेशीर स्थान : राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली केंद्राने अधिसूचित केलेल्या सहा समाजांत ज्यूंचा समावेश नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे राज्याच्या शिष्यवृत्त्या व स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचे हक्क यांचा मार्ग मोकळा झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ज्यूंची संख्या सुमारे अडीच हजार होती. विद्यार्थ्याला अर्जाच्या रकान्यात ‘इतर’ न लिहिता स्वतःच्या धर्माचे नाव लिहिता येणे आणि त्यासाठी लागणारा दाखला कोठून आणावा हे ठाऊक असणे, इतकी साधी मदतही येथे उपयोगी पडते.

सुरक्षा : २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर सिनेगॉग व समाजकेंद्रांतील कार्यक्रमांना पोलीस बंदोबस्त असतो व प्रवेशासाठी ओळखपत्र लागते.

वसई-विरार : उपनगरांतील विद्यार्थ्यांच्या परिस्थितीचे हे एक उदाहरण होय.

आजच्या वसई-विरारमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथे राहणाऱ्या ज्यू विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे जुने सिनेगॉग म्हणजे १८७९ मध्ये उभारलेले ठाण्याचे शआर हशामाईम होय. वसईहून तेथे घोडबंदर रस्त्याने किंवा दादरला गाडी बदलून जावे लागते. वसई–दिवा मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबर अखेरीस सहाच्या सुमारास आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या पुढे होतो. त्यामुळे शब्बाथ पाळणाऱ्या विद्यार्थ्याला हिवाळ्यात शुक्रवारी दुपारचा शेवटचा तास सोडून गाडी पकडावी लागते, अन्यथा रात्र ठाण्यात नातेवाइकांकडे काढावी लागते. या भागातील विद्यार्थ्यांचे मेळावे म्हणूनच रविवारी घेणे श्रेयस्कर ठरते. तुलनेसाठी वसईतील ख्रिस्ती समाजाचे उदाहरण उपयुक्त आहे : संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादित केलेले ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक यांच्यामुळे तेथील तरुणांना स्वतःची संस्था आणि स्वतःचे लेखनपीठ ही दोन्ही घराजवळ मिळाली. बेने इस्राएल विद्यार्थ्यांना माझगावची शाळा आणि रूबेन यांचे वार्षिक यांच्या रूपाने ही दोन्ही एकेकाळी मुंबईत उपलब्ध होती. उपनगरांत मात्र त्यांची जागा सध्या मुंबई व ठाण्यातील समाजकेंद्रांचे सणांचे वर्ग, शिबिरे आणि दूरध्वनीवरील गट यांनी घेतली आहे.