घरी परतलेला रोगी

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस रुग्णालयातून आपल्या पायांनी घरी परतला, म्हणजे संकट टळले असे घरची मंडळी मानतात. वस्तुतः पहिला झटका येऊन गेलेल्याला दुसऱ्याचे भय अधिक असते. ते भय वेळीच ओळखण्याचे काम परिचारिकेकडे कसे आले, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक मननीय अध्याय आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहावे लागे. परिचारिकेने त्याला भरवावे, कूस बदलून द्यावी, नाडी मोजावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रोग्याला लवकर खुर्चीत बसवावे असे प्रतिपादन केले आणि सक्तीच्या विश्रांतीचा अंमल ढळू लागला. रोगी लवकर उठू लागला, तसा घरी गेल्यावर त्याचे पुढे काय, हा प्रश्नही उभा राहिला.

कोणत्या गोष्टींना जपावे, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाने शिकविले. तेथे १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल हे धोक्याचे घटक होत, असे १९६१ च्या अहवालाने दाखविले. धूम्रपानाची भरही त्यांत लवकरच पडली. परंतु हे ज्ञान समुदायाविषयीचे होते. घराघरांतील एकेका रोग्यापर्यंत ते पोहोचवावयाचे कोणी?

त्याच सुमारास परिचारिकेचा अधिकार वाढत होता. १९६२ साली कॅन्सस सिटीत डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरोग्यांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग उघडला. अशा विभागांतून हृदयाचा आलेख वाचण्यास आणि डॉक्टर येण्यापूर्वीच विजेचा धक्का देऊन बंद पडू पाहणारे हृदय सावरण्यास परिचारिका शिकल्या. केवळ आज्ञापालन करणारी स्त्री आता स्वतः निर्णय घेऊ लागली.

तोच निर्णयाधिकार पुढे रुग्णालयाच्या दाराबाहेर आला. कॅलिफोर्नियातील पाच रुग्णालयांत ५८५ रोग्यांवर केलेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगी घरी गेल्यावर परिचारिका मुख्यतः दूरध्वनीने व टपालाने त्याची विचारपूस करीत. आहार, व्यायाम, तंबाखू, कोलेस्टेरॉलचे औषध, सर्वांचा हिशेब ठेवीत. वर्षअखेर त्यांच्या देखरेखीखालील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांनी ते सोडलेले आढळले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते.

यात नवे यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते. ठरावीक दिवशी कोणीतरी नेमके विचारीत होते आणि उत्तर लिहून ठेवीत होते. आपल्या घरी असा रोगी परत येईल, तेव्हा त्याला 'बरे वाटते ना?' एवढेच विचारून थांबू नये. रक्तदाब किती, औषध चुकले का, विडी सुटली का, हेही विचारावे. आणि परिचारिका हेच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागली, तर तिचा कंटाळा करू नये.