सलग ५१ पराभवांची गोष्ट

मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो तेव्हा एका शनिवारी दुपारी विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन बसलो. समोर त्यांचा तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालला होता. अंडाकृती चेंडू, अंडाकृतीच मैदान, एका बाजूला अठरा गडी आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एकच. हा खेळ मला निम्माच कळला. पण या क्लबाचा इतिहास वाचला आणि तो मात्र मनात घर करून बसला.

मेलबर्न विद्यापीठ १८५३ सालचे, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठापेक्षा चार वर्षांनी थोरले. या खेळाचे पहिले नियम १७ मे १८५९ रोजी मेलबर्नच्या क्लबाने लिहून काढले. लिहिणाऱ्यांत टॉम विल्स हा नामवंत क्रिकेटपटू होता आणि थॉमस स्मिथ नावाचा एक शाळामास्तरही होता, हे वाचून मला उगाचच बरे वाटले! विद्यापीठाचा क्लबही आपला जन्म १८५९ सालचाच मानतो.

खरी कहाणी १९०८ मध्ये सुरू होते. त्या वर्षी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने आठाचे दहा संघ केले. एक रिचमंड घेतला, दुसरा विद्यापीठ. बाकीचे संघ वस्त्यांचे होते. त्यांच्यामागे गिरण्या-गोद्यांतल्या कामगारांची गर्दी असे. आणि त्यांच्यात आली ही पुस्तकवाली मुले, निळ्या-काळ्या कपड्यांत. संघात फक्त विद्यार्थी आणि शिकलेसवरलेले लोक, आणि खेळायचे ते हौसेखातर. सुरुवात चांगली झाली. पहिल्या हंगामात ८ सामने जिंकले, १९१० मध्ये तर १८ पैकी १०.

मग १९११ मध्ये लीगने खेळाडूंना पैसे द्यायला उघड परवानगी दिली. दुसरे क्लब पैसे मोजून चांगले खेळाडू घेऊ लागले. विद्यापीठ मात्र हौशीच राहिले. त्यातच परीक्षा, रुग्णालयातल्या पाळ्या, पदवी मिळाली की गावोगावी पांगणारी मुले. १९११ मध्ये एक विजय, १९१२ मध्ये एक. त्यानंतर एकही नाही. १९१३ आणि १९१४ हे दोन्ही हंगाम कोरडे गेले. शेवटचे ५१ सामने ते सलग हरले. सात वर्षांत १२६ सामने, २७ विजय, २ बरोबरीत आणि ९७ पराभव, असा त्यांचा हिशेब.

पण एक गंमत बघा. एकही सामना न जिंकलेल्या १९१३ च्या संघात रॉय पार्क नावाचा एक ठेंगणा वैद्यकीय विद्यार्थी होता. त्या वर्षी त्याने एकट्याने ५३ गोल केले. पुढे तो डॉक्टर झाला आणि इंग्लंडविरुद्ध १९२०-२१ च्या मालिकेत एक क्रिकेट कसोटीही खेळला. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला आणि दुसरी संधी मिळालीच नाही. सांगतात की, प्रेक्षकांत बसलेली त्याची बायको हातातून पडलेले विणकाम उचलायला वाकली, तेवढ्यात नवऱ्याची सगळी कसोटी कारकीर्द आटोपली होती. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ घेऊन भारतात आलेला इयन जॉन्सन हा त्याचाच जावई.

१९१४ चा हंगाम संपल्यावर क्लबाने लीग सोडली. बरेच खेळाडू मेलबर्न क्लबाकडे गेले, कित्येक महायुद्धावर गेले. रूपर्ट बाल्फ गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी, २५ एप्रिल १९१५ ला, मारला गेला. परत न आलेला तो एकटाच नव्हता. ५१ पराभवांची बेरीज करून हसणाऱ्याने हाही हिशेब पाहावा.

क्लब मात्र मेला नाही. युद्धानंतर हौशी संघांच्या स्पर्धेत 'काळे' आणि 'निळे' असे विद्यापीठाचे दोन संघ उतरले, आणि ते आजही खेळतात. २०१६ मध्ये व्हिक्टोरियात महिलांची राज्य लीग नव्याने सुरू झाली, तेव्हा तीत विद्यापीठाच्या मुलींचाही संघ होता.

हे सगळे वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा सारखा आठवत होता. कबड्डीत विजेसारखा चपळ. दहावीच्या वर्षी मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून सांगितले, "आता खेळ बंद. अभ्यास तरी होईल, नाहीतर खेळ तरी." त्या काळी आम्ही सगळेच मास्तर असे बोलत असू. मुलगा काठावर पास झाला, पण मैदानावर पुन्हा दिसला नाही. त्या निळ्या-काळ्या मुलांना परीक्षा चुकली नव्हती आणि हारही. तरी पुढच्या शनिवारी ती बूट बांधून पुन्हा उभी राहत. त्यांना कोणी माझ्यासारखे सांगणारे भेटले नसावे, किंवा भेटले तरी त्यांनी ऐकले नसावे.

मध्यंतरी तो मुलगा बाजारात भेटला. मुलगा कसला, आता केस पांढरे झालेत. वाकून नमस्कार केला. नातू काय करतो, असे विचारले तर म्हणाला, "सर, यंदा दहावीला आहे. क्लास आणि कबड्डी, दोन्ही चालू आहे."

मी "छान, छान" म्हणालो. आणखी काही बोलायचे होते, ते राहूनच गेले. म्हणून इथे लिहिले.