हॉकिंग: कीर्ति आणि कर्तृत्व

कार्लाइलनें १८४० सालीं लंडनमध्यें थोर पुरुषांविषयीं जीं प्रसिद्ध व्याख्यानें दिलीं, त्यांत त्यानें विभूतींचे सहा वर्ग पाडले होते: देव, प्रेषित, कवि, धर्मोपदेशक, ग्रंथकार आणि राजा. ह्या सहांत शास्त्रज्ञास जागा नव्हती. विसाव्या शतकानें ती उणीव भरून काढली. इतकी कीं, आइन्स्टाइनचें नांव ज्याच्या कानांवरून गेलें नाहीं असा शिकलेला मनुष्य आज विरळा. परंतु शास्त्रज्ञाच्या कीर्तीस एक अडचण जन्मतःच चिकटलेली असते. कवीची कविता वाचून किंवा राजाचा कारभार पाहून सामान्य मनुष्य आपलें मत बनवूं शकतो. शास्त्रज्ञाचें कार्य त्याच्या आटोक्याबाहेरचें असतें. तेव्हां तो कीर्तीवरूनच कर्तृत्वाचें अनुमान करतो. हें अनुमान कितपत खरें ठरतें हें पाहण्यास स्टीफन हॉकिंग यांच्यासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. १४ मार्च २०१८ रोजीं ते निवर्तले, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें न्यूटन व डार्विन यांच्या समाधींनजीक ठेवण्यांत आली. हा मान त्यांच्या कार्याचा कीं त्यांच्या कथेचा, असें विचारणें कोणास अनुदार वाटेल. पण तें न विचारणें हाच त्यांच्यावर अन्याय होय असें आम्हांस वाटतें.

प्रथम कीर्तीचे घटक पाहूं. १९६३ च्या आरंभीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, मज्जातंतूंचा असाध्य रोग हॉकिंग यांना जडल्याचें निष्पन्न झालें व वैद्यांनीं सुमारें दोन वर्षांची मुदत सांगितली. त्यानंतर ते पंचावन्न वर्षें जगले. १९८५ सालीं घशावरील शस्त्रक्रियेंत त्यांची वाणी गेली, आणि पुढें यंत्राचा आवाज हाच त्यांचा आवाज झाला. १९७९ ते २००९ हीं तीस वर्षें ते केंब्रिजच्या ल्युकेशियन अध्यासनावर होते. ह्याच अध्यासनावर पूर्वीं न्यूटन बसला होता. १९८८ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ ह्या पुस्तकाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. देह खुर्चीस जखडलेला आणि बुद्धि विश्वाच्या आरंभापर्यंत पोंचलेली, हें चित्र पाहून कोणाचेंही मन हेलावेल. परंतु हेलावलेलें मन हें न्यायाधीशाचें मन नव्हे. धैर्य हा चारित्र्याचा गुण आहे. त्यानें प्रमेय सिद्ध होत नाहीं. आणि न्यूटनच्या अध्यासनाविषयीं म्हणाल, तर त्यावर असेही अनेक प्राध्यापक बसून गेले कीं ज्यांचीं नांवें आज इतिहासकारांखेरीज कोणास ठाऊक नाहींत.

ह्यावरून कांहीं टीकाकार दुसऱ्या टोकास जातात. हॉकिंग यांची कीर्ति म्हणजे केवळ चाकांच्या खुर्चीचा प्रताप, असें ते म्हणतात. ह्या मंडळींनीं सनावळीकडे लक्ष दिलें असतें तर बरें झालें असतें. रॉयल सोसायटीनें हॉकिंग यांना सभासद करून घेतलें तें १९७४ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं. अध्यासन मिळालें १९७९ सालीं. पुस्तक निघालें १९८८ सालीं. म्हणजे तज्ज्ञांचा निवाडा आधीं झाला आणि लोकांचा जयजयकार मागाहून आला. त्याहीपूर्वींची, १९६४ सालची, एक हकीकत महाराष्ट्रीय वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. फ्रेड हॉइल यांनीं रॉयल सोसायटींत गुरुत्वाकर्षणाच्या एका नव्या उपपत्तीवर व्याख्यान दिलें. ती त्यांनीं आपले शिष्य, कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर, यांच्यासह रचली होती. व्याख्यान संपल्यावर बावीस वर्षांच्या हॉकिंग यांनीं उठून सांगितलें कीं, प्रसरणशील विश्वास ही उपपत्ति लावली असतां तींतील एक राशि अनंत होते. पुढील वर्षीं हा आक्षेप त्यांनीं निबंधरूपानें प्रसिद्धही केला. त्या वेळीं त्यांच्यापाशीं ना डॉक्टरची पदवी होती, ना प्रसिद्धि. होता तो केवळ युक्तिवाद, आणि तो विद्वानांनीं ऐकून घेतला.

आतां प्रत्यक्ष कार्य. १९६५ सालीं रॉजर पेनरोज यांनीं सिद्ध केलें कीं, प्रचंड तारा स्वतःच्या भारानें कोसळत एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे, जेथें सापेक्षतावादाचे नियमच खुंटतात अशी अवस्था टळत नाहीं. हॉकिंग यांनीं हाच विचार उलट्या दिशेनें चालविला. प्रसरण पावणारें विश्व काळांत मागें नेलें तर त्याच्याही आरंभीं अशीच अवस्था असली पाहिजे, असें त्यांनीं दाखविलें. आणि १९७० सालीं दोघांनीं मिळून ह्याविषयीं व्यापक प्रमेय मांडलें. ह्या इमारतीचा एक आधारस्तंभ म्हणजे कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेलें समीकरण होय. दुसरें कार्य १९७१ चें. कृष्णविवराची सीमा, म्हणजे ज्या पृष्ठाच्या आंत गेलेला प्रकाशही परतत नाहीं तें पृष्ठ, क्षेत्रफळानें कधीं घटत नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादिलें. हें तपासण्याजोगीं साधनें निर्माण होण्यास पुष्कळ काळ जावा लागला. जानेवारी २०२५ मध्यें दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून निघालेल्या गुरुत्वलहरी अमेरिकेंतील लायगो यंत्रांनीं टिपल्या. मीलनापूर्वीं दोहोंचें मिळून क्षेत्रफळ सुमारें २,४०,००० चौरस किलोमीटर होतें. तें नंतर सुमारें ४,००,००० भरलें.

पण हॉकिंग यांचें नांव ज्यावर टिकेल तें कार्य १९७४ चें, आणि त्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. जेकब बेकेन्स्टाइन ह्या प्रिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यानें असें सुचविलें कीं, ज्या अर्थीं हें क्षेत्रफळ कधीं घटत नाहीं, त्या अर्थीं तें उष्णताशास्त्रांतील एंट्रॉपीचें, म्हणजे अव्यवस्थेच्या मापाचेंच, दुसरें रूप असावें. हॉकिंग यांस हें मुळींच पटलें नाहीं. ज्यास एंट्रॉपी आहे त्यास उष्णतामान हवें, ज्यास उष्णतामान आहे त्यानें किरण सोडले पाहिजेत. आणि कृष्णविवर तर कांहींच बाहेर सोडीत नाहीं! १९७३ सालीं बार्डीन व कार्टर यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत, हें केवळ साम्य आहे, तादात्म्य नव्हे, असें त्यांनीं बजावलें. त्याच वर्षीं मॉस्को येथें झेल्डोविच व स्टारोबिन्स्की यांच्याशीं त्यांची चर्चा झाली. फिरणारीं कृष्णविवरें कण बाहेर टाकतील, असें त्या दोघांचें म्हणणें होतें. परतल्यावर हॉकिंग यांनीं आपल्या पद्धतीनें गणित मांडलें, तों न फिरणारें कृष्णविवरही किरण सोडतें असें उत्तर निघालें. प्रथम त्यांस ही गणितांतीलच चूक वाटली. परंतु उत्तर हटेना. जें मत खोडावयाचें तेंच त्यांच्या हातून सिद्ध झालें, आणि तें त्यांनीं ‘नेचर’ नियतकालिकांत प्रांजळपणें प्रसिद्ध केलें. गुरुत्वाकर्षण, पुंजवाद आणि उष्णताशास्त्र हीं आजवर वेगळ्या वाटांनीं चाललेलीं शास्त्रें ह्या एका लहानशा सूत्रांत येऊन मिळालीं. त्यांतून उद्भवलेले प्रश्न सोडविण्यांत शास्त्रज्ञांची दुसरी पिढी गुंतलेली आहे.

मग ते आइन्स्टाइनच्या पंक्तीचे होते काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. आइन्स्टाइननें १९१५ सालीं गुरुत्वाकर्षणाची जी उपपत्ति दिली, तिच्याच शेतांत हॉकिंग यांनीं नांगर धरला; पीक उत्तम काढलें, पण शेत त्यांचें नव्हतें. शिवाय आइन्स्टाइनचें प्रकाश वांकण्याचें भाकीत चार वर्षांत, १९१९ च्या सूर्यग्रहणांत, पडताळून पाहतां आलें. हॉकिंग यांच्या किरणांचें तसें नाहीं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचें उष्णतामान केवलशून्याच्या वर एका अंशाच्या एक कोटीव्या हिश्श्याहूनही कमी भरतें. उलट सारें आकाश २.७ अंशांच्या प्राचीन प्रारणानें भरलेलें आहे. त्यांत हा मंद किरण दिसावा कसा? नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें नाहीं, त्याचें कारण ह्यांतच शोधावें. परीक्षकांच्या आकसांत नव्हे. पेनरोज यांना तें २०२० सालीं मिळालें, तेव्हां हॉकिंग हयात नव्हते.

कीर्तीनें त्यांना आणखी एक भूमिका दिली, ती भविष्यवेत्त्याची. १९८० सालच्या अध्यासनावरील पहिल्या व्याख्यानांत, शतकाअखेर पदार्थविज्ञानाची परिपूर्ण उपपत्ति हातीं येईल, अशी आशा त्यांनीं बोलून दाखविली. शतक संपलें, शास्त्र संपलें नाहीं. पुढें त्यांनीं स्वतःच ती आशा सोडली. परग्रहांवरील जीव, विचार करणारीं यंत्रें, मानवजातीचें भवितव्य ह्या विषयांवरील त्यांचीं मतें वर्तमानपत्रांनीं आप्तवाक्यांप्रमाणें छापलीं. उलट, कृष्णविवरांत गेलेली माहिती कायमची नष्ट होते हें आपलें १९७६ चें मत त्यांनीं २००४ सालीं डब्लिन येथें भर परिषदेंत मागें घेतलें, आणि हरलेल्या पैजेप्रमाणें जॉन प्रेस्किल यांस बेसबॉलचा एक ज्ञानकोश दिला. आम्ही पहिल्या प्रकारच्या शंभर वाक्यांपेक्षां ह्या एका माघारीस अधिक मोल देतों.

सारांश, हॉकिंग यांची कीर्ति अवाजवी म्हणण्यापेक्षां ती चुकीच्या जागीं पडली आहे असें म्हणणें अधिक यथार्थ. खुर्ची, आवाज आणि भाकितें ह्यांवर ती गरजेहून जास्त पडली. १९७४ च्या निबंधावर जितकी पडावयास हवी होती तितकी पडली नाहीं. आणि रायचौधुरी व बेकेन्स्टाइन हे, ज्यांच्या कार्यावांचून हॉकिंग यांचें कार्य उभें राहिलें नसतें, ते सामान्य वाचकाच्या दृष्टीनें अंधारांतच राहिले. वेस्टमिन्स्टर येथील शिळेवर हॉकिंग यांच्या नांवासमवेत कृष्णविवराच्या उष्णतामानाचें तें सूत्र कोरलेलें आहे. त्यांचें मोजमाप करूं इच्छिणारानें तेथूनच आरंभ करावा.